मोहाच्या झाडांसाठी ग्राफिक्स कार्ड

"मॅडम, गेम कोनत्या कार्डावर चांगला चालन, तेवढं सांगा. बाकी काई नको."

नामदेवभाऊ काउंटरपलीकडे उभे होते. साठी उलटलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, डोक्याला ओला दुपट्टा. चंद्रपूरचा एप्रिल. माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातला कूलर नुसता आवाज करत होता. मी दोन जुनी ग्राफिक्स कार्डं काढून त्यांच्यासमोर ठेवली होती.

"कोण खेळणार? नातू?"

"मीच. आन आमची बाई."

"वहिनी खेळतात?"

"बायको नाई हो. बाई म्हंजे मोठी बहीन. आरमोरीले असते. सत्तरच्या वर हाय."

मी हसले. मी तोंडाची फटकळ आहे आणि या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. गेमसाठी कार्ड मागणारे लोक मी ओळखते. त्यांना दाढी नुकती फुटलेली असते आणि घासाघीस करताना ते इंटरनेटवरचे आकडे तोंडावर फेकतात. सत्तरीच्या बहिणीसाठी कार्ड मागणारं पहिल्यांदाच आलं होतं.

आधी कार्डांबद्दल सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. गेम खेळणाऱ्यांसाठी वेगळी कार्डं येतात, आणि ऑफिसात नकाशे, मशीनची ड्रॉइंग काढणाऱ्यांसाठी वेगळी. या दुसऱ्या जातीला वर्कस्टेशन कार्ड म्हणतात. नवं घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. पण ऑफिसं मशीन बदलतात तेव्हा हीच कार्डं आमच्यासारख्यांकडे कवडीमोल येतात. गेमवाल्यांना ती नको असतात, कारण त्यांचं सॉफ्टवेअर ड्रॉइंगसाठी बसवलेलं असतं. गेम त्यांच्यावर चालतो, पण पाहुण्यासारखा.

माझ्याकडची दोन्ही अशीच होती. एक छोटं, तळहाताएवढं, त्यातल्या त्यात नवं, मेमरी चार जीबी. दुसरं मोठं, जुनं, जड, मेमरी आठ जीबी, आणि त्याला वेगळी वायर लावून वीज द्यावी लागे. किंमत जवळजवळ सारखी. पण मोठ्या कार्डासाठी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, तोही बदलावा लागणार होता.

"बसा भाऊ, समोरच दाखवते," मी म्हटलं.

ट्रक चालवायचा एक गेम लावला, मारामारीचा एक लावला. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येतो. सेकंदाला किती चित्रं बदलतात तो हा आकडा. जास्त असला की चित्र पाण्यासारखं वाहतं, कमी झाला की झटके. दोन्ही गेममध्ये छोटं कार्ड सरळ पुढे. मोठ्याचा पंखा तेवढा भणभणत होता.

"छोटं घ्या. कमी वीज खातं, कमी तापतं, जास्त फ्रेम देतं. विषय संपला." मी कार्डाचा खोका शोधायला वळलेसुद्धा.

"थांबा ना मॅडम. माहा गेम तं लावून पाहा." त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला.

त्यांचा गेम उघडला. पडद्यावर एक गाव होतं. कौलारू घरं, विहीर, शाळेची पिवळी भिंत, पलीकडे बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. कोणी कोणाला मारत नव्हतं. पॉइंट मिळत नव्हते. माउस धरायचा आणि चालायचं.

"हे कुठलं गाव?"

"आमचं. आता नाई ते. खदानीत गेलं."

मग कळलं. कोळशाच्या खाणीसाठी गाव उठलं. जमिनीच्या बदल्यात घरटी एकाला नोकरी. जमिनीवर बहिणीचंही नाव होतं. तिनं हक्क सोडल्याची सही दिली, तेव्हा नामदेवभाऊंना नोकरी लागली, आणि तीही सर्व्हेत. मोजणीची पट्टी धरून ते आपल्याच वावरात उभे राहिले होते.

"कुठी किती उतार होता, सप्पा पाठ हाय," ते म्हणाले. "रिटायर झालो, मंग व्हिडिओ पाहू पाहू हे गेमचं सॉफ्टवेअर शिकलो. बायको म्हने, म्हातारपनी येडा झाला."

"आणि बहिणीला दाखवायचंय."

"दिवाळीले दाखवलं ना! माह्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्ब्यावर. असे झटके, असे झटके, तिले चक्कर आली. उठून गेली. म्हने, 'बाबू, हे कोनतं गाव दाखवून राह्यला?'" त्यांनी चष्मा पुसला. "आता नातीचं बारसं हाय, येत्या रविवारी. बाई येनार. तिच्यानं आता लय येनं होत नाई. पुन्हा कवा येते, कोन जाने."

म्हणजे गेम चालणं न चालणं यावर काय टांगलेलं होतं ते मला समजलं. मी खुर्ची पुढे ओढली.

छोट्या कार्डावर गाव मस्त चाललं. विहिरीपाशी, शाळेपाशी, सगळीकडे लोण्यासारखं. बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, भाऊंनी माउस रानाकडे वळवला आणि चित्र अडकलं. सुटलं. पुन्हा अडकलं. मलाच मळमळायला लागलं.

"इथीच!" ते म्हणाले. "इथीच ती उठली होती."

मी कार्डाच्या मेमरीचा आकडा उघडून पाहिला. मेमरी काठोकाठ भरली होती. कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. जे लागतं ते ओट्यावर असलं तर हात भराभर चालतो. ओटा भरला की उरलेलं मागच्या खोलीतून आणावं लागतं, आणि प्रत्येक खेपेला पडद्यावर झटका. आता हा ओटा कशानं भरला? झाडांनी. रानातली सगळी मोहाची झाडं, आणि प्रत्येकाची साल वेगळी, वाकण वेगळं, ढोल्या वेगळ्या.

"भाऊ, एवढी निरनिराळी झाडं कशाला केली? गेमवाले एक झाड करतात आणि त्याच्याच नकला लावतात. उलटसुलट फिरवायच्या, कोणाच्या बापाला कळत नाही!"

"रान तोडाच्या आधी मी एकाएका झाडाचा फोटो काढला व्हता, मॅडम."

"असू दे. करून तर पाहू."

फाइलची कॉपी केली, त्यांचंच एक देखणं झाड घेतलं आणि सगळीकडे तेच लावलं. पाच मिनिटांचं काम. मेमरी निम्म्यावर आली, फ्रेमचा आकडा उडी मारून वर गेला. मला अगदी शाबासकी हवी होती.

"चला आता," मी म्हटलं.

भाऊ चालू लागले. बोडीवरून रानात शिरले. थोडं डावीकडे गेले, थांबले. मागे वळले. पुन्हा डावीकडे. कपाळावर घाम.

"काय झालं?"

"मी चुकलो," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक. "आपल्याच रानात चुकलो, मॅडम."

मला वाटलं होतं झाडं म्हणजे सजावट. ती तर पाट्या होत्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. मोहाचं झाड रानातलं असलं तरी प्रत्येक घराचं ठरलेलं असतं. फुलं गळायच्या आधी ज्याचं त्यानं आपापल्या झाडाखाली झाडून घ्यायचं. बुडाशी कोण झाडतं त्यावरून झाड कोणाचं ते कळतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. बहिणीच्या लग्नात त्यांच्या बापानं तिला एक झाड दिलं होतं. सोनं द्यायची ऐपत नव्हती. दर हंगामात ती आरमोरीहून माहेरी यायची, पहाटे आपल्या झाडाखाली फुलं वेचायची, आठपंधरा दिवस राहून परत जायची.

"आता हंगाम चालू हाय ना," भाऊ म्हणाले. "तिकडं तिचं झाड नाई. या दिवसात ती घरात नुसती फिरते म्हने. काई सुचत नाई तिले. मी नोकरी केली, पेन्शन खातो. तिचं झाडच गेलं."

मी नकलांची फाइल पुसून टाकली.

खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला. माझं माहेर सिरोंचाला, तेलुगू मुलखाला लागून. नदीकाठचं घर आहे तिथंच आहे. बस जाते. तरी मी किती वर्षं गेले नाही. आई होती तोवर जायची. तेलुगूत हाक मारणारं आता चंद्रपुरात मला कोणी नाही, आणि कधी कधी दुकानात बसल्या बसल्या त्या हाकेसाठी जीव अगदी कासावीस होतो. या माणसाचं गाव जमिनीवर उरलंच नाही, तर त्यानं ते पडद्यावर उभं केलं. जाऊ द्या.

मोठं कार्ड लावलं. आता आकडा खाली आला. छोट्याच्या मानानं बराच खाली. पण रानाकडे वळलो तरी तो तेवढाच राहिला. ओटा मोठा होता, सगळी झाडं त्यावर मावली. चाल जरा जड, पण एकसारखी. झटका नाही.

भाऊ न चुकता एका झाडापाशी जाऊन उभे राहिले. खोडाला कमरेएवढ्या उंचीवर गाठ होती आणि एक फांदी जमिनीकडे झुकलेली. "हे बाईचं."

"सुंदर केलंय," मी म्हटलं. "खालचा पाला तर अगदी खरा वाटतो."

ते खूश झाले. "फुकट भेटला नेटवर!"

तरी मी माझा धर्म सोडला नाही. स्पष्ट सांगितलं, "भाऊ, हा सौदा वाईट आहे. कार्ड जुनं, वीज खाणार, तापणार. याच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आता येणार नाही. वरून एसएमपीएसचा खर्च. नवे गेम यावर धड चालणार नाहीत."

"मले नवा गेम खेळायचा कुठी हाय?"

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

रविवारी बारशाला मलाही बोलावलं होतं. मी गेले, पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर टाकूनच. जेवणं आटोपली, बाळ झोपलं, आणि भाऊंनी बहिणीला आतल्या खोलीत आणलं. जनाबाई. बारीक अंगाची, पाठीत वाकलेली, पण चाल तुरतुर.

"नको रे बाबू. मले पुन्हा चक्कर येईन."

"नाई येत, बाई. या मॅडमनं मशीन नीट केली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या वायरी उगाच पुन्हा दाबून पाहिल्या. सरकारी ऑफिसात सगळ्या साहेबांसमोर मशीन सुरू करताना मी कधी असं केलं नव्हतं.

पंखा भणभणू लागला. गाव आलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, पदर तोंडाला लावून.

"विहीर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बोडीकडून घे."

भाऊंनी बोडीकडून घेतलं. पाळीवरून वळले. मी कोपऱ्यातला आकडा पाहत होते. आकडा हलला नाही. जनाबाईही उठली नाही.

"हे सोनबाचं," ती बोटानं दाखवू लागली. "हे मास्तरीनबाईचं. याले फुलं कमीच येत, पन कशी गोड! पुढं चाल. पुढं... माय वो!"

गाठीचं झाड समोर आलं होतं. झुकलेली फांदी. ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. भाऊंनी माउस तिथंच थांबवला.

"माहं हाय हे," ती म्हणाली. मग म्हणाली, "खाली पाह्य."

भाऊंनी माउस खाली ओढला. पडद्यावर आता झाड नव्हतं, आभाळ नव्हतं, गाव नव्हतं. फक्त जमीन आणि त्या फुकटच्या पाल्याचा थर. कोपऱ्यातला आकडा एकदम दुप्पट झाला. जमिनीकडे पाहिलं की कार्डाला कामच उरत नाही. तेवढ्यासाठी मोठं कार्ड नको होतं, छोटंही नको होतं. भाऊंचा जुना डबाही पुरला असता.

ती जमिनीकडेच पाहत राहिली. वेचणाऱ्याची नजर खालीच असते, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं हात पुढे केला आणि काचेवरून तळवा एकदा फिरवला.

"बाबू," ती म्हणाली, "यंदा कोनी झाडलंच नाई रे खाली."

नामदेवभाऊंनी माउस सोडला. साठी उलटलेला माणूस हुंदके देत रडायला लागला.

"झाडतो बाई," ते म्हणाले. "उद्याच झाडतो."

"सकाळी लवकर झाड. ऊन व्हायच्या आंदी."

मी पर्स उचलून बाहेर आले. माझं तिथं काम नव्हतं.

धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच. कोणी विचारलं, गेमसाठी कोणतं कार्ड चांगलं, तर आता मी आकडे आधी काढत नाही. आधी विचारते, त्यात पाहायचं काय आहे? जमीन पाहायला कोणतंही कार्ड चालतं. पण ती आपल्याच झाडाखालची आहे हे पटायला आठ जीबी लागले.