कूलरसमोरची गिटार

गिटारवाल्यांना लोक हसतात. एका कंपनीची गिटार हातात बसली की जन्मभर तिचंच गुणगान, दुसरी कुणी फुकट दिली तरी नाक मुरडणार. हसा बापहो. मीही त्यातलाच. माझी इलेक्ट्रिक गिटार मी एका मुंबईच्या वादकाकडून जुनीच घेतल्ती. तो जालन्याला कार्यक्रमाला आल्ता. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दुसऱ्या कंपनीच्या गिटारीला मी हात लावला तो फक्त नावं ठेवायला.

दिवसा मी बियाण्याच्या गोदामात गोण्या मोजतो, उचलतो. लग्नसराईत आमचा ऑर्केस्ट्रा. गोदामात मला 'ए इकडं ये' म्हणतात, स्टेजवर 'गिटारवाले' म्हणतात. आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, अन् मागच्या उन्हाळ्यापासून ते हातातून निसटायला लागलं.

चूक माझीच, असं मी धरून चाललो होतो. मे महिन्यात आमची पत्र्याची खोली तव्यासारखी तापते. आमच्याकडं जे जपायचं ते कूलरसमोर ठेवायची रीत हाय. पाहुणा आला तर पाहुणा, कुणी आजारी पडलं तर आजारी. मी गिटार ठेवली. महिनाभर.

"अहो, आमाला घामाच्या धारा लागल्यात, अन् ती बाई वारं खाऊन राह्यली," बायको म्हणायची.

कूलरचं वारं म्हणजे ओलं वारं. लाकूड फुगणार, हे कुणीही सांगितलं असतं. पण विचारतो कोण? जूनमध्ये गिटार मांडीवर घेतली अन् वरच्या पट्टीवर, करंगळीशेजारचं बोट जिथं पडतं तिथं, तार नुसती खर्र करायला लागली. सूर उमटायचाच न्हाई. मला बराबर कळलं, नेक वाकली. नेक म्हणजे डावा हात जिच्यावर चालतो ती दांडी. सकाळी ते बोटही आखडलेलं असायचं, पण दिवसभर गोण्या उचलल्यावर कुणाचा हात आखडत न्हाई?

जालन्यातल्या रिपेरवाल्याकडं नेली. त्यानं स्टीलची पट्टी लावून बघितली. "थोडी वाकल्ती, आता सरळ केली," म्हणाला. घरी आणून वाजवली तर पुन्हा खर्र. परत गेलो. त्यानं पुन्हा पट्टी लावली, मला वाकून बघायला लावलं. बिलकुल सरळ. मी म्हणालो, तुझी पट्टीच वाकडी हाय. त्यानं दुकानातली दुसऱ्या कंपनीची नवीकोरी गिटार पुढं केली. तिच्यावर तर बोट जागेवरही जाईना. बघ म्हणालो, कंपनी ती कंपनी. अन् ऐटीत बाहेर पडलो.

ऐट दुकानाबाहेरच संपली. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली अन् मला जेवण जाईना. स्टेजवर माझा छोटा स्पीकर पायाशी असतो, त्यातून मला माझी खरखर ऐकू यायची, अन् अंगाला घाम फुटायचा. आता मास्तर मला काढणार. हे मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, कीबोर्ड तेच वाजवतात, अन् कीबोर्डमधून कुठलाही आवाज काढता येतो, गिटारचासुद्धा. ते काही म्हणेनात, ह्याचीच मला जास्त धास्ती. जांब समर्थला जाऊन आलो. लोक रामापुढं उभं राहून लेकरंबाळं मागतात, मी चांगली नेक मागितली. लाज वाटली, पण मागितली.

मंग कळलं की मंठ्यात एका रिटायर मास्तरांकडं, हे शाळेचे, अगदी तीच गिटार हाय. त्याच कंपनीची, त्याच बनावटीची. तीनदा फोन केला, माझी पहिलीवहिली गिटार बिघडली म्हणून सांगितलं. विकत द्या म्हणालो, भाड्यानं द्या म्हणालो, शेवटी हातापाया पडलो.

"देणार न्हाई," ते म्हणाले. "माझीही ती पहिलीच. पण या, वाजवून बघा."

बदनापूरला संध्याकाळी लग्न होतं. सकाळच्या एसटीनं माझी गिटार पाठीला लावून मंठा गाठलं. सरांनी चहा दिला, कपाटातून गिटार काढली. चादरीत गुंडाळलेली, नेक आरशासारखी. गाण्यामधला ठरलेला पीस धरला. वरच्या पट्टीवर गेलो.

खर्र.

पुन्हा वाजवला. पुन्हा खर्र. "तुमचीही वाकली, सर," मी म्हणालो.

सरांनी ती घेतली अन् तोच पीस वाजवला. पाण्यासारखा स्वच्छ. मंग माझी पिशवी उघडली, माझी गिटार काढली, तिच्यावर वाजवला. बावीस वर्षांत माझी गिटार मी समोर बसून कधी ऐकली नव्हती. एक सूर फाटला न्हाई.

"बोट दाखवा," ते म्हणाले. त्यांनी धरून सरळ करायचा प्रयत्न केला. मधल्या पेऱ्यात ते सरळ झालंच न्हाई. मी म्हणालो, कूलरमुळं. ते नुसतं माझं बोट हातात धरून बसले.

मंठ्याच्या स्टँडवरून ऑर्केस्ट्राच्या मास्तरांना फोन लावला. म्हणालो, गिटार चांगली हाय, माझाच हात गेला. आजपासून गिटारचा आवाज कीबोर्डवरच काढा.

"तेच चालू हाय," ते म्हणाले. "ह्या सीझनच्या पहिल्या लग्नापासनं तुझी लाईन मिक्सरमधून बंद हाय, लोकांच्या स्पीकरला जातच न्हाई. तुला कसं सांगावं, कळंना. तू ये पण. लोकांना गिटारवाला दिसाया पाहिजे."

मला रडू आलं. स्टँडवर पन्नाशीचा माणूस रडायला लागला की लोक बाजूला सरकतात, तसे सरकले. घरी जावं, गिटार विहिरीत टाकावी, असं काय काय मनात आलं. पण घरी जाऊन बायकोला काय सांगणार? अन् उद्या सकाळी गोदामच.

बदनापूरला गेलो. कोट घातला, उभा राह्यलो, पायाशी असलेला स्पीकर स्वतःच बंद केला अन् मास्तरांच्या सुरावर बोटं हलवत राह्यलो. कार्यक्रम संपल्यावर नवरीचे वडील स्टेजजवळ आले.

"गिटार कोणत्या कंपनीची हो?" त्यांनी विचारलं. "आवाज लई साफ हाय."

मी कंपनीचं नाव सांगितलं.