बंगारम आणि कांचन

दसऱ्याच्या दुपारी मी बोथ गावात एका दारासमोर उभा होतो. हातात पानांची मोठी फांदी...

आत सामान बांधणं सुरू होतं, बाहेर टेम्पो उभा होता. त्याच दिवशी तेलंगणा सरकारनं आपल्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. लोक फटाके फोडत होते. माझ्यासाठी त्या बातमीचा अर्थ एवढाच, की सौम्याच्या वडिलांना नव्या मंचिर्याल जिल्ह्यात बदलीवर टाकलं अन् त्यांच्यासोबत सगळं घर निघालं.

सौम्या बीएससीला माझ्या वर्गात होती. म्हणजे ती अजून आहे, मी नाही. सेकंड इयरला लॅबमध्ये सरांशी माझं वाजलं, अॅप्रन टेबलावर फेकला अन् जो निघालो तो परत गेलोच नाही. तेव्हापासून तिनं माझा फोन उचलणं बंद केलं.

कॉलेजचं मला आठवतं ते गेटजवळच्या गुलमोहरापुरतं. एकदा त्याचं फूल तळहातावर ठेवून ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली होती, "बघ, चार पाकळी लाल. पाचवी वेगळी, पांढरी, ठिपकेवाली. मधमाशीला रस्ता तीच दाखवते." माझी बॉटनी तिथंच संपली. पुढचं काही ऐकूच आलं नाही...

आता टेम्पो निघायच्या आत मला तिला एकच विचारायचं होतं. तिकडे गेल्यावर बोलशील का?

पण तेलुगू घर, कडक वडील. नुसतं जाऊन कसं उभं राहायचं? मग डोक्यात आलं, दसरा आहे. आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, ते लोक जमीचं, म्हणजे शमीचं देतात. सोनं द्यायला आलेल्या माणसाला कोण हाकलतं! तेलुगूत सोनं म्हणजे बंगारम. "बंगारम तीसुकोंडी", सोनं घ्या... दोन दिवस घोकत होतो.

आमच्या बांधावरचा आपटा पोरांनी सकाळीच ओरबाडून नेला होता. मी चिडून गाडी काढली. एका सरकारी बंगल्याच्या कुंपणातून एक झाड बाहेर झुकलेलं दिसलं. तसंच मधोमध चिरलेलं, दोन भागांचं पान. उलट मोठं अन् टवटवीत. मी फांदीच मोडली.

घरी आई हसली. "काऊन रे, एवढं सोनं कोणाले वाटून राह्यला?" मी फांदी गाडीला बांधली.

तर, त्या दारात... वडील येतील असं धरून आलो होतो. आली सौम्या. केस वर बांधलेले, हातात सुतळी. घोकलेलं सगळं उडालं. अहोजाहो गेलं, एका दमात बोलायचं तेही गेलं.

"बंगारम..." म्हटलं. पुढचं आठवेना. "तीसुको."

आता तेलुगू येणाऱ्यांना कळलंच असेल. बंगारम म्हणजे सोनं. पण मधे असं थांबलं, की तेच 'माझे सोन्ये, घे' असं होतं. तिकडे नवरा बायकोला म्हणतो तसं.

आतली धावपळ थांबली. तिचे वडील दारात आले. मागे टेम्पोवाला फिसकन हसला.

"क्या बोला?" त्यांनी विचारलं.

माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. आता लपवायचं कशाला, सांगूनच टाकू म्हणून मी तोंड उघडलं... तेवढ्यात सौम्यानं फांदी माझ्या हातातून ओढली.

ती वडिलांना म्हणाली, "नान्ना, ये बंगारम हैच नहीं."

तिनं एक पान माझ्या नाकासमोर धरलं. "आपटा लहान असतो, जाडा, खरखरीत. लांबीपेक्षा रुंद. हे बघ, केवढं पातळ." मग फांदीच्या टोकाला लोंबणाऱ्या गुलाबी फुलाला टिचकी मारली. "अन् हे काय? आपट्याला एवढं मोठं फूल येतं? देवकांचनम आहे हे. बागेत लावतात शोभेला. दोन्ही शेंगवाले, एका खानदानातले... पण तू सेकंड इयर पूर्ण केलं असतं तर फरक कळला असता ना!"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज चिरकला. तिचा राग मला तेव्हा कळला. अन् तो कशाचा होता, तेही.

मी खाली बघत उभा राहिलो. गुलाबी फुलाच्या चार पाकळ्या सारख्या होत्या अन् पाचवीवर गडद रेषा. गुलमोहरासारखीच. तोंडातून निघून गेलं, "यालाही पाचवी पाकळी वेगळी आहे..."

तिनं हातातलं पान खाली केलं.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फांदी घेऊन लेकीला म्हणाले, "कांचनम का मतलब भी सोना ही होता है, अम्मा." अन् मला म्हणाले, "सोना शाम को देते हैं. दोपहर में नहीं." हसले की नाही, ते मिशीमुळे कळलं नाही. शर्टाच्या खिशातून जमीची डहाळी काढून माझ्या हातावर ठेवली. "ये असली है. पहचान लो."

टेम्पो निघाला. मागे तिच्या कुंड्या होत्या, त्यातल्या एकीत माझी फांदी खोचलेली. वळणावर सौम्यानं खिडकीतून हात काढला अन् कानाला लावून दाखवला. फोन.

मला विचारावंच लागलं नाही.

त्याच संध्याकाळी तिचा पहिला प्रश्न होता, "कॉलेजला कधी जातोस?" सोमवारी जातोय. सरांना काय म्हणायचं, ते अजून ठरलं नाही...

जमीचं पान पाकिटात आहे. वाळलंय, त्याची बारीक बारीक पाती गळून राह्यली. सौम्या म्हणते, ती सुटी पानं नव्हेतच, काडीसकट सगळं मिळून एकच पान असतं. काडी शाबूत आहे. रोज काढून बघतो.