मामा पुढे, मी मागे

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झाले होते. माझे यजमानही त्याच कारखान्यात होते, म्हणून आम्ही कोपरगावजवळ कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. सासूबाई, म्हणजे आत्या, घर सांभाळायच्या आणि मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. नव्वदीची पहिली वर्षं होती ती. मी पस्तिशीची होते, पण चालायची साठीच्या बाईसारखी.

काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. फळ्यावर तारीख लिहून झाली की खुर्ची जवळ करावीशी वाटायची. उन्हाळ्यात सगळी वसाहत अंगणात बाजा टाकून उघड्यावर झोपायची आणि मी चादर गळ्यापर्यंत ओढून. गळालेले केस कंगव्यात मावेनात. आवाज इतका घोगरा झाला, की वर्गातली पोरं माझ्यामागून कविता म्हणताना तीही घोगऱ्या आवाजात म्हणायला लागली. कवितेची चालच तशी असावी, असं त्यांना वाटलं असणार. वजन तेवढं वाढत होतं. आत्या शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, "आमच्या सूनबाईला सुख मानवलं."

आधी टॉनिकच्या बाटल्या झाल्या. मग गावात नव्यानं दवाखाना टाकलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे जायचं ठरलं. गाळप हंगाम जोरात होता, यजमानांना सुट्टी मिळेना, म्हणून मामा माझ्यासोबत आले. बाईंनी माझ्या मानेला हात लावला, पाण्याचा घोट गिळायला लावला, डोळ्यांखालची सूज पाहिली आणि रक्त काढून पुण्याला पाठवलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. थायरॉईड मंद झालं होतं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी एक गोळी, चहा नंतर. आणि रोज झेपेल तेवढं चालायचं, गोळी लागू पडली की वाढवायचं. ही ग्रंथी मंदावली की रक्तातली चरबी वाढते. तुमची वाढलेलीच आहे. तशीच राहिली तर रक्तवाहिन्यांना आतून धरते."

मामा टोपी मांडीवर ठेवून बाजूला बसले होते. त्यांनी विचारलं, "पाटात गाळ बसतो तसं का?"

"अगदी तसं नाही, पण तसंच समजा," बाई हसून म्हणाल्या.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पहाटे मी चालायला जाणार कुणाबरोबर? यजमानांच्या पाळ्या सारख्या बदलायच्या. वसाहतीत तोवर कुणी बाई नुसती चालायला म्हणून बाहेर पडलेली नव्हती. बाई रस्त्यानं चालली तर तिच्या हातात पिशवी, डबा, निदान पोर तरी असायचं. आत्या म्हणाल्या, "एकटी नगं जाऊ. लोक इचारत्याल, कुटं निघाली म्हनून."

"मी जातो संगं," मामा म्हणाले. "मला तरी काय काम हाय?"

अशी आमची वरात निघाली. मामा पुढे, मी मागे. चांगलं दहा-पंधरा पावलांचं अंतर. सासऱ्याच्या बरोबरीनं चालायची आमच्यात रीत नव्हती. मी डोक्यावर पदर घ्यायची, मामा खाकरत, बिडी ओढत पुढे चालायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. वसाहतीच्या फाटकातून निघून पाटाच्या कडेनं पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. समोरून येणारे लोक मामांना "जय भीम" किंवा "राम राम" करायचे आणि माझ्याकडे बघून पुढे जायचे. दूधवाला तर रोज सायकलवरून मागे वळून बघायचा. एकदा तसाच बघता बघता बाभळीत गेला.

सुरुवातीला मला मामांचं फार बरं वाटायचं. मला धाप लागली की नेमके ते थांबायचे. कधी उसाच्या फडाशी उभं राहून म्हणायचे, "ह्यो ऊस लोळनार बघ." कधी कुणाच्या म्हशीची चौकशी. पुढे सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर खताची एक मोठी जाहिरात रंगवलेली होती, तिच्यापुढे उभे राहून ती वाचायचे. मला वाटायचं, सुनेला दम खाता यावा म्हणून म्हातारा किती युक्त्या करतोय.

दोनेक महिन्यांनी गोळीनं रंग दाखवला. एके दिवशी शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण सकाळपासून खुर्चीत बसलोच नाही. आवाज मोकळा झाला. पहाटे पाय आपोआप उचलले जायला लागले, आणि इथूनच पंचाईत सुरू झाली. मी मामांना गाठायला लागले! पुढे जावं तर कसं, आणि मागे राहावं तर पाय ऐकेनात. मी उगाच चप्पल झटकायची, पदर नीट करायची, तरी पाहावं तर मामांची पाठ हाताच्या अंतरावर. आणि मामा तर पूर्वीइतकेच थांबत होते. फडापाशी, म्हशीपाशी, गोदामापाशी.

एका सकाळी गोदामापाशी ते थांबले. मी मागून म्हटलं, "मामा, जाहिरात बदलली का हो?"

"आं? न्हाई. तीच हाय."

"मग रोज काय वाचता?"

तेव्हा मला दिसलं, की त्यांचा डावा हात पोटरीवर होता आणि ते ती हलकेच दाबत होते. नजर भिंतीकडे होती, पण अक्षरांवर नव्हती.

"पाय दुखतोय का तुमचा?"

"जरा वळतो. थांबलं की जातो. वयच हाय आता."

"किती दिवस?"

"लई दिस झालं," ते म्हणाले, आणि मग अगदी पोरासारखं, "घरात सांगू नगं. तुजी आत्या बिडी बंद करंल."

डॉक्टरीणबाईंचं रक्तवाहिन्यांबद्दलचं बोलणं आठवलं. सुनेला दम खाता यावा म्हणून नव्हे, हा माणूस स्वतःचा पाय सांभाळायला थांबत होता, आणि तरी रोज पहाटे माझ्यासाठी उठत होता. मी घरी जाऊन सगळं सांगितलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलायचे मुळात कमीच, त्यामुळे ते आत्यांनाच आधी कळलं.

बाईंनी मामांना टेबलावर झोपवलं आणि दोन्ही पायांच्या घोट्यांपाशी बोटं ठेवून नाडी शोधली. उजव्या पायाची मिळाली. डाव्याची बराच वेळ शोधत राहिल्या. मग नाशिकला जाऊन तपासणी झाली. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झालेली होती. पुरती बंद नव्हती. बाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "बिडी आजपासून बंद. आणि चालायचं."

"चाललं की तर दुखतं बाई!"

"दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं. गेलं की पुन्हा चालायचं. चालण्यानंच पायातलं रक्त आपली वाट काढतं. पण पावलाला जखम झाली, बसल्या जागी पाय दुखायला लागला, तर त्याच दिवशी यायचं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामा म्हणाले, "उद्यापासनं माज्या शेजारनं चाल. मागनं कुनी बघत असलं की थांबायला लाज वाटती."

दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीनं निघालो. पदर पाटावरच्या वाऱ्यानं डोक्यावरून खाली घसरला तो मी परत घेतला नाही, आणि मामांनीही तिकडे पाहिलं नाही. आता थांबायचं झालं की ते उघड म्हणायचे, "थांब गं, आली कळ." मग आम्ही उभे राहायचो आणि ते बॉयलरच्या गोष्टी सांगायचे. इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं, की त्यांना तरुणपणी नाटकात काम करायची हौस होती आणि एकदा ते स्त्रीपार्टीही झाले होते. मिशी काढली म्हणून त्यांच्या आईनं त्यांना घरात घेतलं नव्हतं!

बिडी सुटायला मात्र वेळ लागला. पहिले काही दिवस ते आत्यांवर, रेडिओवर, कोंबड्यांवर ओरडायचे. आत्यांनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बडीशेप भरून ठेवली. हरभऱ्याचा हंगाम आला तेव्हा ते रस्त्यानं डहाळे खात चालायचे, आणि शेतकऱ्यानं हटकलं तर सांगायचे, "डॉक्टरनं सांगितलंय." थांबे हळूहळू कमी झाले. आधी म्हैस सुटली, मग फड. पावसाळा संपता संपता आम्ही एकाच थांब्यात पुलापर्यंत जायला लागलो.

माझं उतरलेलं वजन बघून वसाहतीतल्या बायकाही आमच्यात सामील झाल्या. आधी शेजारीण, मग तिची जाऊ, मग पलीकडच्या गल्लीतल्या तिघी. पाटावर इतका गलका व्हायचा, की बगळे उडून जायचे. मामा काही दिवस बिचारे मधोमध चालले. मग एके सकाळी म्हणाले, "ह्यो तुमचा मोर्चा हाय, माजं काय काम?" आणि त्यांनी आपल्या निवृत्त सोबत्यांना घेऊन संध्याकाळची वेळ धरली.

पुढच्या गाळप हंगामात आम्ही दोघं पुन्हा एकदा दवाखान्यात गेलो. माझ्या रक्तातली चरबी उतरली होती. गोळी कायमची घ्यावी लागणार होती, पण आता तिचं काही वाटत नव्हतं. मामांच्या घोट्यापाशी बाईंना अजूनही नाडी नीट लागेना, मात्र चालणं कितीतरी वाढलं होतं आणि त्यावर त्या खूश होत्या.

परतताना एसटी फाट्यावर सोडून गेली. दिवस मावळायला आला होता, पुढची गाडी नव्हती. वर्षापूर्वी त्या फाट्यावर आम्ही दोघं रडकुंडीला आलो असतो. मामांनी धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "चल." अर्ध्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या लागल्या. एका गाडीवानानं गाडी हळू केली. "बसा की, बाबा!"

"नगं. आमाला चालायला सांगितलंय," मामा ऐटीत म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाललो की लई आज. बसायचं का?"

मला हसू आवरेना. आम्ही मागच्या गाडीवर चढलो, उसाच्या ढिगावर. मामांनी एक कांडं उपसलं, गुडघ्यावर मोडून मला अर्धं दिलं. चिमणीचा धूर दिसायला लागला तोवर आमची तोंडं, हात, सगळं चिकट झालं होतं. आत्या फाटकापाशी काळजीनं उभ्या होत्या. गाडीवरून उतरणाऱ्या आम्हा दोघांना त्यांनी आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं चालताय की गं दोघंबी."

मामांनी उरलेलं कांडं त्यांच्या हातात दिलं आणि आम्ही तिघं घरी गेलो.