डावीकडं जड

कोयनानगरच्या धरणापासून मिरजेच्या जंक्शनापर्यंत जेवढी म्हणून चाकं फिरतात, त्यांतली निम्मी आमच्या मामीच्या थोरल्या भावाच्या हाताखालून गेली आहेत आणि उरलेली निम्मी गेली नाहीत म्हणूनच घाटातल्या खड्ड्यांत सापडतात, असं एक साधं गणित होतं. गणित अर्थात त्यांचंच. नात्याने ते माझे काही लागत नव्हते, पण मामीचे भाऊ म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. उभा जन्म धरणाच्या वर्कशॉपात परदेशी गाड्यांच्या पोटाखाली काढलेला हा माणूस. बायको कोयनेच्या कॉलनीतच वारली, एकुलती मुलगी लग्न होऊन हुबळीला गेली, आणि पेन्शनीत निघाल्यावर मामांनी मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत पत्र्याची एक शेड घेतली. पुढे गाड्या, मागे खाट. त्यांचा चष्मा कायम कपाळावर असायचा आणि फक्त जेवताना नाकावर उतरायचा, भाकरीत खडा दिसावा म्हणून. गाडी बघायला चष्मा लागत नाही का, असं मी एकदा विचारलं, तर दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "ह्ये काय आरती ववाळायला दिल्यात व्हय देवानं?"

आमची त्यांची गाठ घट्ट झाली ती पिकअपमुळे. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास आमच्या वडिलांनी हळदीची पोती न्यायला म्हणून धरणावरची एक जुनी परदेशी पिकअप लिलावात घेतली. तिला पॉवर स्टेअरिंग होतं. म्हणजे इंजिनाच्या जोरावर एक पंप तेल दाबतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं, आपण नुसती खूण करायची. सांगलीच्या बाजारपेठेत असली चैन कोणी पाहिलेली नव्हती. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून "एका बोटाने फिरवा, एका बोटाने" असा आग्रह करत. महिनाभराने ते बोटाने फिरेना, हाताने फिरेना, शेवटी आमचा ड्रायव्हर पाय समोर रोवून दोन्ही हातांनी उसाचा बुडखा उपटावा तसा स्टेअरिंगशी झटू लागला. तेव्हा मामी म्हणाली, माझ्या भावाकडे न्या.

मामांकडे गाडी नेली की लगेच बॉनेट उघडत नसत. आधी चहा. मग तक्रार सांगायची, तीही पहिल्यापासून. मिरज हे दवाखान्यांचं गाव. समोरच एक मोठा दवाखाना होता आणि तिथल्या डॉक्टरांपेक्षा आपली तपासणी कसून असते यात मामांना शंका नव्हती. जड होती का झाली? थंड असताना का तापल्यावर? उभ्या जागी का चालताना? मग चाकांतली हवा बघितली, पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि स्टेअरिंग असं अलगद धरलं, की एखाद्याला वाटावं तान्हं मूल धरलंय. शेवटी तेलाच्या भांड्यात बोट घालून ते नाकाशी नेलं आणि ड्रायव्हरकडे बघत राहिले. "शेंगतेल?" ड्रायव्हर म्हणाला, तेल कमी झालं होतं, घरात होतं ते घातलं, तेल ते तेल. "बराबर हाय," मामा शांतपणे म्हणाले. "आता खाली चूल पेटीव आन् भजी सोड." त्या दिवसापासून ड्रायव्हरने त्या म्हाताऱ्याकडे पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली आणि गाडी मिरजेला नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांनी सगळं तेल काढलं, नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं. तरी पंप कण्हायचा. शेजारचे तंबोरेवाले हातातला भोपळा खाली ठेवून आले, कान देऊन ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाले, "काळी दोनच्या जरा खाली लागतोय." मामा म्हणाले, "सूर न्हाई त्यो, हवा हाय तेलात." मग इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा सावकाश फिरवलं, भांड्यात फेस आला, बुडबुडे फुटले आणि आवाज मिटला. तंबोरेवाले थोडे खट्टू होऊन परत गेले. खरंच सांगतो, त्यानंतर आमच्या आईनेही ती गाडी एका हाताने वळवली असती.

गाडी बरी झाली तरी मामांनी काही तिला सोडलं नाही. दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं. "गाडीची प्रकृती कशी आहे? पट्टा ढिला नाही ना? रविवारी आणून दाखवावी." माझी, घरच्यांची, पिकापाण्याची चौकशी त्यात नावाला नसायची. वडील विचारायचे, हे पत्र तुला आहे का गाडीला? मी हसायचो आणि रविवारी जायचो. सांगली-मिरज काही लांब नाही. दहा मिनिटांत तपासणी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत निघू देत नसत. आत्ता इंजिन तापलंय, जरा निवू दे. निवलं की म्हणायचे, आता थंड हाय, जरा तापू दे. एका माणसाला इतकं एकटं वाटू शकतं हे कळायचं माझं वय नव्हतं. मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

मग एका दिवाळीनंतर मामा म्हणाले, "गड्या, स्टेरिंग पुन्हा जड झालंय. डावीकडं लय." मला तर येताना काही जाणवलं नव्हतं. पण त्यांच्यापुढे आपण काय बोलणार? त्यांनी पट्टा बदलला, सील बदलले, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस भरलं. पुढच्या रविवारी पुन्हा जड. पंप खोलला, जोडला. जडच. माणूस चिडचिडा झाला. एका जीपवाल्याला "तुजीबी डावीकडं जड हाय" म्हणून दोन दिवस बसवून ठेवलं, आणि तो गावभर सांगत सुटला की म्हाताऱ्याचं काही खरं नाही. शेडपुढे उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी झाल्या. एका रविवारी मी घरी परतताना मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर गाडी थांबवली आणि डावीकडे वळवली. दोन बोटांनी वळली. तिथेच मला आठवलं की हल्ली मामा चहाची बशी डाव्या हातात धरतात आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असतो. गाडी ठणठणीत होती. उजव्या हातातलं बळ गेलं होतं आणि ज्याच्या हातातलं गेलं त्यालाच ते माहीत नव्हतं.

हे त्यांना सांगायचं कसं? समोर दवाखाना होता, रस्ता ओलांडला की झालं. पण ज्याने जन्मभर हातावर भरवसा ठेवला, त्याला हातच खोटा ठरला म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. मी भित्रा आहे, हे आधीच कबूल करतो. मी म्हणत राहिलो, "व्हय मामा, जडच हाय." ते सुटकेने मान हलवत आणि पुन्हा पाने घेऊन गाडीखाली शिरत. असे सहा-सात रविवार गेले.

शेवटच्या रविवारी त्यांनी मला सीटवर बसवलं, इंजिन चालू करायला लावलं आणि दारातून वाकून आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला. "फिरीव." मी डावीकडे फिरवलं. "उजवीकडं." उजवीकडे फिरवलं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांची मूठ करून बघू लागले. मूठ अर्धीच वळली.

"हलकी हाय की रं," ते म्हणाले. "तुला कवा कळलं?"

"लय दिवस झालं, मामा."

"मग गाडी का आनत हुतास?"

मी इंजिन बंद केलं. पलीकडे तंबोरेवाले तार लावत होते ती ऐकू येत राहिली. मामा पायरीवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "फुडच्या ऐतवारी गाडी आनू नगंस. नुसता ये. समूर दवाखान्यात जायाचं हाय. रोज ह्या दारात बसून मान्सं आत जाताना बगतो, पर एकट्यानं जाऊ वाटंना."

मी गेलो. धुतलेला सदरा घालून ते सकाळपासून दारात उभे होते. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एखादी बारीक शीर आधीच गेलेली दिसते, आहे तेवढा हात टिकवायचा, गेलेलं बळ परत यायचं नाही. महिन्याभरात मुलगी येऊन त्यांना हुबळीला घेऊन गेली आणि शेडमध्ये तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडले.

ती पिकअप मी पुढे चार वर्षं चालवली. रविवार आला की मला करमायचं नाही. मनात यायचं, आज जरा कण्हली, जरा अडली, तर तेवढ्या निमित्ताने हुबळीपर्यंत जाऊन त्यांना विचारून येता येईल. उगाच जायला तेव्हा मला लाज वाटायची. पण ती बया शेवटपर्यंत एकदाही अडली नाही. इतकी चांगली दुरुस्त केली होती त्यांनी.