मुंजाजी पेंटरचा एकच खाका

मालनवहिनी हिंगोलीत हळदीच्या आडतीवर निवडणीला जायच्या आणि संध्याकाळी आमच्या गायन पार्टीत गायच्या. हात कोपरापर्यंत पिवळे. सवाल-जवाबाच्या कव्वालीत समोरचा गडी बाईच्या जातीला नावं ठेवून टाळ्या घ्यायचा. मग वहिनी मांडी नीट घालून उत्तराला सुरुवात करायच्या, आणि गडी पेटीत तोंड लपवायला जागा शोधायचा. पार्टीत माझं काम मजकूर लिहिणं आणि माईकवर नावं पुकारणं. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला एवढं तरी यायलाच पाहिजे.

वहिनींना गायची परवानगी सासूनं दिली होती. सासू कमलबाई, वहिनींच्या आत्याबाई, नर्सीकडच्या खेड्यात राहायच्या. त्यांची अट एकच होती, "बसून गायचं. उठून कंबर हालवल्याचं कानावर आलं, त्या दिवशी गाणं बंद." ही बाई एकदा बोलली की बोलली, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात जयंतीनिमित्त मुकाबला ठरला. मजकूर मी लिहिला, बोर्ड मुंजाजी पेंटरनं रंगवला आणि एसटी स्टँडासमोर लावला. संध्याकाळी मी तो पाहायला गेलो. गडी कव्वाल शेरवानीत, गळ्यापर्यंत बटणं लावून ऐटीत बसलेला. शेजारी वहिनी. चेहरा त्यांचाच, हनुवटीवरचा तीळसुद्धा जागेवर. पण गळ्याखाली सगळा कारभार परका. पोलकं नावापुरतं, कंबर उघडी आणि एक पाय थेट हवेत.

"मुंजाजी, हे काय केलंस?"

"काहून? खाका तसाच हाय."

खाका म्हणजे सुईनं भोकं पाडलेलं कागदावरचं चित्र. तो बोर्डावर धरून कोळशाची पूड थापटली की रेघा उमटतात. बाईचा हा खाका मुंजाजीनं टुरिंग टॉकीजवाल्याकडून मिळवला होता आणि वर चेहरा बदलून तोच सगळीकडं चालवत होता. तेलाच्या बाटलीवाली तीच, चहावाली तीच. लसीच्या बोर्डावरची आईसुद्धा लेकरू कडेवर घेऊन एक पाय हवेत धरून उभी होती. इतक्या वर्षांत कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. मलाही नाही, हे इथंच सांगून टाकतो.

"आन गड्यांचे खाके किती?"

मुंजाजीनं बोटं मोजली. "चौदा. पुढारी, मास्तर, पैलवान..."

वहिनी आल्या, बोर्डाकडं एकदा पाहिलं आणि खाली बसल्या. "आत्याबाई उद्या दुपारच्या गाडीनं येऊन राहिल्यात. हितंच उतरतील."

आम्ही जयंती समितीच्या हरिचंदकडं गेलो. तो पान लावत होता.

"लोक थांबून थांबून पाहून राहिले, ताई. पुसला तर गर्दी कुठून आणू?"

"गर्दी माझ्या आवाजाला येते."

"आवाज बोर्डावर दिसतो का? हात लावला, तर मी तुमच्या जागी नांदेडची पार्टी सांगतो. मंग मला बोल लावू नका."

त्या दिवशी वहिनी भाकरीला शिवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आडतीचा खाडा करून त्या मुंजाजीच्या दारात उभ्या.

"बसलेल्या गड्याचा खाका हाय ना? त्यावर मला बसव."

"बाई, खांदे पैलवानावानी होतील!"

"होऊ दे. हळदीचं पोतं मीच उचलते."

मुंजाजीनं स्टँडावर येऊन वहिनींच्या गळ्याखाली पांढऱ्या रंगाचा हात मारला, पण उन्हातही तो वाळेना. तशा ओल्यावरच कोळसा थापटला, लुगड्याचा निळा रंग भरला. खांदे खरंच दोन माणसांचे झाले. तो हवेतला गुलाबी पाय मात्र पांढऱ्यातून पुन्हा पुन्हा वर येत होता. मी शिडी धरून रस्त्याकडं पाहत होतो. हरिचंद लांबून ओरडत आला आणि त्याच्या मागोमाग नर्सीची गाडी.

कमलबाई गाठोडं घेऊन उतरल्या. सुनेला शिडीखाली बघून त्यांनी मान वर केली.

"हा कोण पैलवान?"

"मी हाय, आत्याबाई."

"आन ह्यो पाय?"

मुंजाजी ब्रश पुसू लागला. खोटं बोलायला माझ्याकडं तीन-चार कारणं तयार होती, पण वहिनींनी मला बोलू दिलं नाही.

"त्यो बी माझाच म्हणून काढला होता. मी आसं कधी उभी राहिले न्हाई. आता पुसून राहिले."

कमलबाईंनी बोर्डाकडं पाहिलं. मग सुनेकडं. मला वाटलं, संपलं.

"पुसायचं तर बराबर पूस. आर्धा कशाला ठिवला?" त्यांनी गाठोडं सावलीत टाकलं आणि त्यावर बसल्या. "पाय गेल्याबिगर मी हितून उठत न्हाई."

हरिचंद तारऑफिसच्या दिशेनं वळला. तो नांदेडला तार करायला गेला की दुसऱ्या कामाला, कुणाला ठाऊक! वहिनींनी मुंजाजीच्या हातून ब्रश घेतला आणि शिडीवर चढल्या.