धुतलेल्या ब्लूबेरी

हायडेलबर्गहून निघालेली गाडी कार्ल्सरूहला उशिरा पोचली आणि पुढची सुटली. जर्मनीत असं होत नाही, हा पुण्याहून आणलेला समज त्या फलाटावरच राहिला. श्वार्त्सवाल्डमधल्या (काळ्या अरण्यातल्या) छोट्या स्टेशनावर उतरलो तेव्हा दुपार झाली होती. २०१६ चा जुलै होता.

मुग्धा न्यायला आली होती. ती कोथरूडमधली आमची जुनी शेजारीण, मेकॅनिकल इंजिनिअर. श्टुटगार्टमधली नोकरी सोडून नवऱ्याच्या घरच्या होफवर (शेतवाडीवर) ती रानटी ब्लूबेरी पिकवत होती. ‘पिकवणं’ हा शब्द तिला मान्य नव्हता.

“झुडपं रानाचीच. मी गवत काढते, सावली छाटते आणि काही फवारत नाही. गेनाऊ, बरोब्बर एवढंच.”

झुडपं गुडघ्याएवढी. दातेरी फणीनं फळं ओढायची, पाखडून पानं उडवायची. बागेतली ब्लूबेरी आतून पांढुरकी असते, ही जांभळी. बाजारात गिऱ्हाईक एक फळ खाऊन सोबतच्याला जीभ दाखवतं. निळी झाली, की खरेदी.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या बिओलाडेनची (सेंद्रिय मालाच्या दुकानाची) मालकीण येणार होती. माल पसंत पडला तर हंगामभर तीच घेणार. नाही तर ऑक्टोबरपासून मुग्धा पुन्हा नोकरीवर. नवऱ्याशी तसं ठरलं होतं. पिकलेलं सगळं तोडून सकाळीच क्रेटमध्ये भरलं होतं.

तिची आई, विजयाकाकू, तीन महिन्यांसाठी आली होती. पिठल्यानंतर त्यांनी दह्यातल्या ब्लूबेरी वाढल्या. “घे रे, लाजू नकोस. करवंदंच ही, फक्त चीक नाही.”

जेवून आम्ही दोघं उतारावर गवत काढायला गेलो. परतलो तेव्हा क्रेट रिकामे होते आणि सगळी फळं अंगणात चादरींवर पसरलेली. काकू पदर खोचून उभ्या होत्या.

“तीन पाण्यांनी धुतली. केवढी माती! परक्या बाईपुढे तशीच ठेवणार होतीस?”

मुग्धानं एक फळ उचललं. त्यावरचा पांढुरका थर गेला होता. हे फळ धुवायचं ते खाताना. धुऊन ठेवलं की रात्रीत मऊ पडतं.

“छान झाली, आई,” ती म्हणाली.

सकाळी मालकिणीनं एक फळ बोटांत दाबलं, मग खोक्याचा ओला तळ पाहिला. “शाडे,” म्हणाली. (वाईट वाटतं, या अर्थाचा शब्द.) नवी फळं पिकायला आठवडा लागणार होता, तोवर ती थांबणार नव्हती. दुसरा शेतकरी तयार होता.

“काय म्हणाली गं?” काकूंनी आतून विचारलं.

“कळवते म्हणाली.”

त्या दिवशी सगळ्या फळांचा जॅम झाला. फळं धुऊ नकोस, हे आईला सांगावं लागेल असं मुग्धाला वाटलंच नव्हतं.

रविवारपर्यंत थोडी नवी फळं पिकली होती. निघताना काकूंनी मला त्यांचा डबा दिला. “प्रवासात पाणी कुठे शोधशील? धुऊनच भरलीत.” हायडेलबर्ग येईपर्यंत तळाशी जांभळा रस साचला. फळं गोड होती.

ऑक्टोबरात मुग्धा नोकरीवर रुजू झाली. हिवाळ्यात पुण्याला काकूंकडे गेलो. त्यांनी द्राक्षांची ताटली पुढे सरकवली.

“एवढं छान चाललं होतं. का सोडलं रे तिनं? तुला काही बोलली?”

“नाही, काकू.”

द्राक्षांवरून अजून पाणी ठिबकत होतं.