कॉम्प्युटरातला बॉल आन् माझं छातीगार्ड

कापूस पिंजला की घरभर उडतो. आमच्या शेडातले किस्से तसेच. झाडून काढले तरी भुवईला चिकटलेले सापडतात. म्हटलं लिहून टाकावं. मी चौथी नापास, तवा शुद्धलेखनावरून बोंब मारायची न्हाई!

लातूरला आमचे मालक आप्पा, त्यांच्या शेडात मी कापूस भरून क्रिकेटवाल्यांची छातीगार्डं शिवतो. त्या साली दुष्काळ. पाणी रेल्वेनं यायचं, आन् आप्पांना तहान वेगळीच. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. "जिल्हा नवा म्हंजे टीम नवी, टीम नवी म्हंजे गार्ड नवे!" म्हणून त्यांनी नांदेडच्या कॉलेजातून एक मॅडम आणल्या. बॉल छातीवर आदळला की काय होतं, ते त्या कॉम्प्युटरातच दाखवणार.

आप्पांनी मला बजावलं, "तात्या, कॉम्प्युटर तुमच्या गार्डाला फेल म्हणला तर बाहेरून फोमचा माल आणणार. तुमची सुई बंद!"

*

पहिल्या दिवशी पडद्यावर बॉल आला, एका गड्याच्या छातीवर आपटला, छाती लाल झाली.

"कोण गेला?" मी विचारलं.

"कोणी नाही काका. लाल म्हणजे मार जास्त. हे गणित आहे."

"मग गणिताला दवाखान्यात न्या की!"

*

पडद्यावरचा गडी लई धष्टपुष्ट. मी म्हटलं, "ह्यो कुठला? दुष्काळात असा दिसला तर लोक विचारतील, कुणाचा टँकर चालवतो?"

मॅडम म्हणाल्या, इथल्याच माणसाचं माप घेऊ. आप्पा हौसेनं पुढं. टेप पुरेना! मॅडमनी मापं घातली, बॉल सोडला, तो बरोबर पोटावर बसला. गार्ड न घालताच पास!

आप्पांचं तोंड उतरलं. "बाहेर बोलू नका. मग गार्ड कोण घेणार?"

*

मॅडमचं पडद्यावरचं मैदान हिरवंगार. मला राहवलं न्हाई. "आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, आन् तुम्ही गवत भिजवून राहिल्या?"

त्यांनी मैदान दगडासारखं टणक केलं. बॉल उसळून थेट छातीवर. माझं गार्ड फेल!

गप बसलो असतो तर काय मेलो असतो?

*

आप्पा फोमवाल्याला फोन लावून राहिले होते. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "काका, कापूस किती वेळ दाबता?"

"जेवण होईस्तोवर."

"म्हणजे?"

"म्हंजे त्याच्यावर बसून जेवतो. वर पान खातो."

मॅडमनी कॉम्प्युटरात सुटा कापूस भरला होता! मला वजनकाट्यावर चढवलं, दाबलेला कापूस मोजला, पुन्हा बॉल सोडला. पास! रिपोर्टात लिहिलं : कापूस दाबायचं प्रेस जागेवरच आहे.

आता मंजुरीची सही राहिली. आठवड्यानं क्रीडा खात्याचे साहेब आले. "प्रेस पाहिल्याशिवाय सही करणार नाही. कुठंय?"

आप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी भाकर खात होतो, बुडाखाली गार्ड.

"चालू करून दाखवा."

"चालूच हाय साहेब! उठलो की बंद पडतंय."

साहेबांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, कागदावर लिहिलं, 'मशीन जुनं, पण चालू', आन् सही ठोकली.